पहिलं आक्काला

नांदेडला आमच्या शेजारी बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू राहतात. माझी कादंबरी आली असं कळल्यावर त्या ओले हात पदराला पुसत दारात आल्या आणि हात पुढं करून म्हणाल्या, "दे की वाचायला." मी म्हणलं, "काकू, ती फोनवर वाचायची आहे." हात तसाच पुढं. "हाव, पण पुस्तक कुठंय?" मग मी त्यांना ई-बुक समजावून सांगितलं. छापत नाहीत, फाईल असते, ज्याला पाहिजे तो विकत घेतो आणि आपल्या फोनवर उघडतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "म्हणजे अजून छापून व्हायचंय. होईल गं. धीर धर."

आता यावर बोलायचं काय, कपाळ? आमचे हे तर त्यांच्याही वरताण. घरी पाहुणे आले की सांगतात, "आमची ही लेखिका आहे बरं का, फक्त कपाटात सापडायची नाही." पाहुणे हसतात. मीही हसते, आणि आत जाऊन चहाचं भांडं जरा जोरात आदळते.

खरं सांगायचं तर प्रकाशकांच्या दारात खेटे घालणं माझ्याच्यानं झालं नसतं. आणि फाईल तयार करणं हा तर माझा धंदाच. लग्नाआधी लातूरला मी क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका आणि नोट्स टाईप करून द्यायचे, लग्नानंतर तेच काम नांदेडला घरी बसून करते. फिजिक्सचं मला ओ का ठो कळत नाही, पण उतारावरून घसरणारे ठोकळे आणि पुलीला लटकलेली वजनं यांनी माझी अर्धी जवानी खाल्ली आहे. त्याच कॉम्प्युटरवर, त्याच खुर्चीत, एका खिडकीत प्रश्नसंच आणि दुसरीत कादंबरी, अशी मी ती लिहिली. आणि व्हायचं तेच झालं. सातव्या प्रकरणात आई लेकीचा निरोप घेते, तिथं मधेच कुणीतरी एक ठोकळा घर्षण नसलेल्या पृष्ठभागावर ठेवला आणि त्याचा वेग काढा म्हणून चार पर्याय दिले. प्रश्नसंचातला तुकडा कॉपी होऊन चिकटला होता आणि पुस्तक तसंच विकलं जात होतं. एका वाचकानं खाली लिहिलं होतं, "सातव्या प्रकरणातला प्रयोग धाडसी आहे. नियतीला घर्षण नसतं." मला हसावं की रडावं कळेना. ई-बुकचं एक बरं असतं, चुकलं की दुरुस्त करून नवी फाईल चढवता येते. मी ठोकळा काढला. तो वाचक पुन्हा तिथं गेला असेल तर बिचाऱ्याला वाटलं असेल, बाई भ्याली.

नव्या लेखकाचं जिणं कसं असतं म्हणाल तर असं. सकाळी चहाला आधण ठेवायचं आणि खातं उघडून बघायचं, काल कुणी पुस्तक घेतलं का. तिथं विक्रीची एक रेघ असते. बहुतेक दिवस ती झोपलेलीच. एखाद्या दिवशी तिला बारीक टेंगूळ आलेलं दिसायचं, की माझा दिवस सोन्याचा. मग पोहे परतताना मनात तेच. कोण असेल? बाई की बुवा? कुठं बसून वाचत असेल? कापड दुकानदाराला गिऱ्हाईक दिसतं, मेसवालीला जेवणारं पोर दिसतं. मला माझा वाचक कधी दिसला नाही.

जे थोडे अभिप्राय आले त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा यायची. "आई अगदी डोळ्यांसमोर उभी राहिली." पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी छाती फुगली. मग तेच वाक्य टोचायला लागलं. कारण ती आई मी माझ्या आईवर लिहिली होती, आणि माझी आई मला आठवत नाही. तीन वर्षं तिच्या अंगाखांद्यावर काढली असतील, पण त्यातलं एवढंसंही माझ्याजवळ उरलेलं नाही. लोकांच्या डोळ्यांसमोर उभी राहते, माझ्याच राहत नाही. मला एवढंच पाहिजे होतं, की तिला ओळखणाऱ्या कुणीतरी ती वाचावी आणि म्हणावं, हाव, अशीच होती ती. असं म्हणू शकेल असं माणूस जगात एकच उरलं होतं, आणि नेमकं तिच्यापासूनच मी पुस्तक लपवून ठेवलं होतं. ती म्हणजे मावशी.

आमचं गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंप झाला तेव्हा मी गावात नव्हते म्हणून आज हे लिहितेय. आईला सासरी महालक्ष्म्यांचं करायचं होतं, हाताखाली कुणी नाही, लहान पोर पायात येतं, म्हणून ती मला माहेरी, नायगावकडं, तिच्या पाठच्या बहिणीजवळ सोडून परत गेली. गणपती विसर्जन झालं की न्यायला येते म्हणाली. आमच्या घरात मला असंच सांगितलेलं. बाबा लातूरला आडत दुकानात मुनीम, ते तेव्हा लातुरात होते. भूकंप झाला तेव्हा उजाडलंही नव्हतं, गाव झोपेत होतं. घर दगडमातीचं, भिंती हातभर रुंद. भिंतींनीच घात केला. लग्नाचा अल्बमही त्यातच गेला. आजोळी आईचा एक फोटो होता, त्यात कपाळाला बाशिंग, मुंडावळ्या, आणि मान एवढी खाली की दिसतो तो नुसता भांग. त्या भांगाकडं मी किती वेळ बघत बसले असेन त्याला गणती नाही.

पुढच्याच लग्नसराईत बाबांना मावशी दिली. त्या वर्षी आमच्याकडं हे घरोघर चाललं होतं. गेलेलीच्या लेकरांना परकी बाई कशाला, पाठचीच बहीण बरी, असं सगळ्यांचं मत. मावशी एकोणीस वर्षांची होती. तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती हे तिनंही कधी सांगितलं नाही.

बिजवराला दिलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक घालतात. चांदीचा, नखाएवढा, त्यावर बाईचा आकार उमटवलेला. मंगळसूत्रातच ओवलेला असतो. घरात नवं काही आलं की आधी पहिलीला दाखवायचं, मग आपण घ्यायचं, अशी रीत. बहुतेक बाया हे वर्षा-दोन वर्षांत गुंडाळून ठेवतात. सवतच ती, किती दिवस तिचे लाड करणार? पण मावशीची ती सवत नव्हती, बहीण होती. नवी साडी आली की घडी मोडायच्या आधी तिचा काठ टाकाला लावायची आणि हळूच म्हणायची, "नेस गं आक्का." आंब्याची पहिली फोड, उसाचं पहिलं कांडं, सगळं पहिलं आक्काला. बाबांनी मिक्सर आणला तर तिनं वाकून मिक्सरला टाक टेकवला. मी खो खो हसले होते आणि पाठीत धपाटाही खाल्ला होता.

आणि एक शब्दही तिनं असाच आक्कासाठी राखून ठेवला. मला शिकवलं, "आई तिला म्हणायचं. मला मावशी." बाबा म्हणायचे, अगं म्हणू दे की पोरीला आई. तिनं ऐकलं नाही. माझ्या पाठीवर झालेला भाऊ तिला आई म्हणायचा, मी मावशी. शाळेतल्या पोरी विचारायच्या, हे कस्काय? मी म्हणायचे, आमच्यात असंच असतंय. आणि आक्काचं सगळं आक्काला देणारी ही बाई, आक्का कशी होती हे मात्र बोलायचीच नाही. विचारलं की "चांगली व्हती" म्हणायची आणि उठून कामाला लागायची. बाबांना विचारायची सोय नव्हती, त्यांचे डोळे लगेच भरायचे. पुढं ते गेले, आणि त्यांच्यापाशी जे होतं ते त्यांच्याबरोबर गेलं.

मग मी काय करणार? मला आई पाहिजे होती. कुणी देईना म्हणून मी बसून एक तयार केली. आणि मावशीला सांगितलं नाही, कारण मला भ्या वाटायचं. एवढ्या खस्ता खाऊन वाढवलं आणि पोरगी शेवटी गेलेलीच्याच नावानं रडते, असं तिला वाटलं तर?

लातूरचं घर बांधताना बाबांनी त्याला दगडाचा तुकडा लावू दिला नव्हता. सगळं कॉलमवर. पुढं गल्लीत एकामागून एक क्लास उघडले, त्याच कॉलमांवर खोल्या चढल्या, आणि त्या खोल्यांत किनवट, धर्माबाद, देगलूरच्या पोरी येऊन राहायला लागल्या, डॉक्टर व्हायला. मावशी खाली त्यांची मेस चालवते. लातुरात मेसवाली म्हणजे मावशीच, त्यामुळं आता सगळी गल्ली तिला मावशी म्हणते. माझा तेवढा एक हक्क होता, तोही गेला.

मागच्या वर्षी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. शुगर आहे, त्यामुळं लवकरच करावं लागलं. डॉक्टरांनी बजावलं, गॅससमोर जायचं नाही, वाकायचं नाही, काळा चष्मा काढायचा नाही, टीव्ही तर बिलकुल नाही. भाऊ पुण्यात नोकरीला, त्याला सुट्टी मिळेना. राहिली कोण? मी लोहा, अहमदपूर करत एसटीनं लातूरला उतरले आणि पदर खोचून पोरींच्या पोळ्या लाटायला लागले. घरात एवढ्या शिकलेल्या पोरी, पण एकीच्याही हातात माझं पुस्तक उघडेल असा फोन नाही. क्लासची शिस्त कडक, सगळ्यांकडं बटणाचे फोन, तेही घरी खुशाली कळवण्यापुरते. ई-बुक लिहिणारणीनं राहायला यावं ते अशा घरात. नशीब काढलं ते काढलंच.

दुपारी पोरी क्लासला गेल्या की घर चिडीचूप. मावशी काळा चष्मा लावून स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायची. दोन दिवसांत ती बेजार झाली. "काहीतरी वाच की गं. पेपर तरी वाच." मी पेपर वाचला. अपघात, सोयाबीनचा भाव, निधन. "हे नको, दुसरं काय हाय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी एक कादंबरी लिहिलीय. ती वाचू का?"

"तू? कशावर?"

"आईवर."

बोलून बसले आणि तिच्या तोंडाकडं बघितलं. चष्म्यामुळं डोळे दिसेनात. मग तिनं मान वर केली, आणि आवाज चांगला तापलेला. "आन आक्काला दाखवलीस?"

"काय दाखवू? छापलेली नाही. फोनमध्ये आहे."

"मग फोन आण. इतकी वर्सं झाली तुला कळत न्हाई? घरात नवं आलं की पहिलं कुणाला?" तिनं माझ्या हातातून फोन घेतला, पदरानं काच पुसली, चाचपडत गळ्यातला टाक शोधला आणि त्याला फोन टेकवला. "आक्का, पोरीनं तुझ्यावर लिवलंय बघ. घे. तुझंच हाय." मला परत देत म्हणाली, "आता वाच."

मी एवढी वर्षं उगंच भीत होते. म्हणलं, आता हिला ऐकवायचंच. आधी फोनमधली वाचून दाखवणारी बाई लावून दिली. दोन ओळी झाल्या नाहीत तर मावशी म्हणाली, "ही कोण? बातम्या देऊन राहिली का? बंद कर. तू वाच."

मग मीच वाचायला लागले. रोज दुपारी, पोरी यायच्या आधी. माझा वाचक मला पहिल्यांदाच समोर दिसत होता, आणि त्याचे डोळे काळ्या काचांमागं. ती मधेमधे बोलायची. "एवढ्या पिठाला एवढं पाणी? भाकरी न्हाई व्हायची, कढी व्हईल." ठोकळ्याची गोष्ट सांगितली तेव्हा पोट धरून हसली, मला म्हणावं लागलं, डोळ्याला ताण देऊ नको. पण आई आली की ती एकदम स्थिर व्हायची. माझ्या पुस्तकातली आई पहिल्या भाकरीचा पापुद्रा सोलून, त्याला तेल-तिखट लावून लेकीला देते. लेकीला ताप आला की कपाळाला हात न लावता तळपाय चाचपते. राग आला की ओरडत नाही, घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेते. लेक अभ्यास करत असली की भिंतीला टेकून बसल्या बसल्या पेंगते, पण आत जाऊन झोपत नाही. हे वाचताना मी दरवेळी हळूच मावशीच्या तोंडाकडं बघायचे. तिथं मला काही दिसायचं नाही. आत मात्र एकच चाललेलं, म्हण ना, हाव, अशीच होती म्हण.

कादंबरी संपली. मावशी म्हणाली, "झाली?"

"झाली."

ती उठली, भिंतीला हात लावत मोरीपर्यंत गेली आणि बराच वेळ पाय धूत राहिली. त्या दिवशी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. औषधाचे थेंब घालताना नाही, जेवताना नाही. कुठल्या परगावच्या अनोळखी माणसानं निदान चार शब्द लिहिले असते! माझं डोकं फिरलं. पोळी लाटता लाटता मी लाटणं पोळपाटावर आपटलं. "चांगली नाही तर नाही म्हण. पण काहीतरी बोल की! तोंडाला काय कुलूप घातलंय?"

"लई चांगली लिवलीस," ती दारातल्या खुर्चीतून म्हणाली.

"मग?"

"पण त्यात आक्का कुठंय गं?"

"म्हणजे काय? ती आई आहे ना, तीच."

"पापुद्रा तुला कोण द्यायचं?" तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तळव्याला हात लावून ताप कोण बघायचं? भांडी कोण घासायचं दोन दोनदा? ती आक्का न्हाई. ती मी हाय."

"उगं काहीतरी बोलू नको," मी म्हणलं. आणि तव्यावर पोळी करपत असताना उभ्या उभ्या मी मनात पुस्तक पहिल्या पानापासून उलटायला लागले. पदर खोचायची पद्धत. दारात उभं राहून वाट बघताना एका पायावर भार टाकणं. लेक चुकली की "बरं" म्हणणं आणि दिवसभर दुसरं काही न बोलणं. माझं मलाच कळेना, हे मला आधी कसं दिसलं नाही. मी समजत होते की मी शून्यातून एक बाई उभी केली. माझ्याकडं दुसरी कुठली आई होतीच कधी, जिच्यावरून मी ती काढणार?

मावशी रडत होती. चष्म्याखालून पाणी गालावर आलं होतं. "डोळ्याला पाणी नको लागू देऊ, डॉक्टर मला ओरडतील," असं काहीतरी मी बडबडले आणि तिच्यापाशी जाऊन खाली बसले.

"समदीकडं आई आई म्हणलीस त्यात," ती म्हणाली. "मी त्या शब्दाला शिवले न्हाई गं कधी. तिचा म्हणून ठेवला. आन त्या दिवशी मी तिला सांगितलं, घे, तुझंच हाय. काय दिलं मी तिला? माझंच?" तिच्या तोंडावर नुसतं दुःख नव्हतं. ती खूश झाली होती, मनापासून खूश झाली होती, आणि त्याचीच तिला लाज वाटत होती. मग नाक पुसून म्हणाली, "मला काढ त्यातून. ते फिजिक्सचं काढलंस तसं."

"तुला काढलं तर पुस्तकात उरतं काय? फिजिक्स?"

ती रडता रडता हसली. मला ते हसणं बघवेना. मी तिचे हात धरले. "मग ती कशी होती? आता तरी सांग. इतकी वर्षं 'चांगली व्हती' ऐकतेय मी. मला तुझं चांगलं नको, खरं सांग."

तिनं बोटं माझ्या हातात तशीच राहू दिली. मग म्हणाली, "आक्काला भाकरी येत न्हवती. थापायला गेली की फाटायची. मग गोळा उचलून भिंतीला मारायची. आमची माय बोंबलायची तिच्या नावानं." आणि एकदा सुरू झाली ती थांबेना. "लई खोडीची. लई खोटं बोलायची. लेकरू झाल्यावरबी चिंचेवर चढायची. माहेरी आली की तुला माझ्या मांडीवर टाकायची अन पसार. तू रडायला लागलीस की तीबी तुझ्यासंगं रडायची. मला म्हणायची, 'हिला काय पायजे, मला कळत न्हाई गं. तूच बघ.'"

"आणि शेवटी? मला सोडून गेली तेव्हा?"

मावशीनं हात सोडवून घेतला. "ते मी तुला कधी सांगणार न्हवते."

"सांग."

"महालक्ष्म्यांचं निमित्त व्हतं. सासरी करायला सासू व्हती, नणंदा व्हत्या. तू रोज रातभर जागवायचीस तिला. ती मला म्हणाली, 'विसर्जनापत्तर ठेव हिला. मला चार रोज झोपू दे गं. निस्तं झोपू दे.'" मावशीनं ओठ दाबून धरले. "हे तुला कोणत्या तोंडानं सांगू? तुला वाटलं असतं, तू नको व्हतीस तिला. तसं न्हवतं गं. लई जीव व्हता तुझ्यावर. पण एकवीस वर्साची पोर ती. ह्या वरच्या पोरी बघ की, एवढीच व्हती. आई व्हायला तिला टाईमच कुठं गावला?"

मी उठले आणि गॅस बंद केला. पोळीचा कोळसा झाला होता. खिडकी उघडून धूर जाऊ दिला, ताटं मांडली, पोरींसाठी पुन्हा कणीक मळली. हात आपोआप काम करत होते. माझ्या मनात मात्र एकच गोष्ट वर येत होती, की मी एवढी वर्षं जिच्या कुशीत झोपायला मिळावं म्हणून झुरले, तिलाच झोप पाहिजे होती.

दिवेलागणीला पोरी आल्या. दप्तरं भिंतीशी टाकून ओळीनं बसल्या, कुणाचे मार्क कमी आले, कुणाचे वाढले, तोच गलका. मी वाढत वाढत पुढं गेले तर किनवटची पोर ताटासमोर बसल्या बसल्या झोपलेली. दोनदा परीक्षा देऊन यंदा तिसऱ्यांदा आलेली, घरची आशा हिच्यावरच. डोकं भिंतीला, तोंड थोडं उघडं, हातातला घास हातातच. कपाळावर केस आले होते. शेजारची तिला कोपरानं ढोसायला लागली तशी मी तिचं कोपर धरलं.

मी तिथंच खाली बसले. इतक्या जवळून मी त्या वयाच्या पोरीकडं कधी बघितलं नव्हतं. गालावर एक पुटकुळी, नखांना कुरतडलेल्याच्या खुणा, गळ्यात काळा दोरा. माझ्यापेक्षा कितीतरी लहान. माझी आई मला कधी आठवली नव्हती, आठवणार तरी कुठून? पण त्या संध्याकाळी मला तिची आठवण आली. तिला काहीतरी खायला घालावं, तिच्या अंगावर काहीतरी पांघरावं, एवढंच मला सुचत होतं. पोरीच्या बोटांतला घास मी हळूच काढून घेतला आणि तिच्या ताटावर दुसरं ताट झाकलं.

"कोण झोपलंय तिथं?" मावशीनं दारातून विचारलं. "उठव तिला. जेवण गार व्हतंय."

"झोपू दे गं," मी म्हणलं. "तिला झोपू दे."